पेशींच्या जगात रमलेली शास्त्रज्ञ : डॉ. कमल रणदिवे



गेल्या आठवड्यात शेजारच्या हायस्कूलमधून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि चौथीच्या मुलांना कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी बघून मुलं हरखून गेली. एका मुलीने विचारलं, की एवढ्याशा पेशीत केर झाला तर तो कोण काढतं? मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता डॉ. कमल रणदिवे भेटल्या. आज त्यांचीच ओळख करून देते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. कमलताई हुजूरपागेत शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटत होतं, पण तिने जीवशास्त्रच निवडलं. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. शिक्षण मात्र थांबलं नाही. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला.

पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी कशा वाढवायच्या, ते शिकल्या. तिथेच न राहता त्या परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपण केर-शेण उकिरड्यात टाकतो, त्याचं खत होऊन शेतात जातं. पेशीही तसंच करते. जुने, मोडके भाग लयकारिकेत विरघळवते आणि त्यातला माल पुन्हा वापरते. पेशी उपाशी असली की हे काम वाढतं. यालाच ऑटोफॅजी म्हणतात. हे काम कसं चालतं, ते उलगडणाऱ्या जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. या सफाईत बिघाड झाला तर मेंदूचे काही आजार आणि कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. कमलताईंनी नेमकं यावर संशोधन केलं नाही. पण असा अभ्यास करायला प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवता याव्या लागतात आणि ती वाट आपल्या देशात त्यांनी घालून दिली.

मला सगळ्यात भावलं ते त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर भागात जाऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि बायकांना आरोग्याची माहिती दिली. आपल्या धडगाव-अक्कलकुव्यात वजनकाट्यावर मूल उभं करणाऱ्या प्रत्येकाला या कामाचं मोल कळेल. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

तो प्रश्न विचारणारी मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातला जाईल. गेल्या वर्षीही गेली होती, परत आली तेव्हा वाचन अडखळत होतं. यंदा तिने आजीजवळ राहावं म्हणून मी दोनदा घरी जाऊन आले. अजून होकार नाही. नाहीच जमलं तर शिक्षण हमी कार्ड तरी हातात देईन.

तुमच्याही वर्गात अशी एखादी असेल. तिची आई घरी असेल तेव्हा एकदा जाऊन या. आणि ८ नोव्हेंबरला परिपाठात कमलताईंची ही गोष्ट नक्की सांगा. तोवर मुली गावातच असतात.