८८ विरुद्ध २ : सिनेटर वेन मॉर्स

अमेरिकी सिनेटर वेन मॉर्स यांचा जन्म १९०० साली विस्कॉन्सिन राज्यात झाला. ओरेगॉन विद्यापीठातील विधी महाविद्यालयाचे अधिष्ठातापद भूषवून १९४४ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. पटेनासे होताच त्यांनी रिपब्लिकन पक्षही सोडला.

ऑगस्ट १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, उत्तर व्हिएतनामने टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा विनाकारण हल्ला केल्याचे सांगून लष्करी कारवाईची मोकळीक मागितली. प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य, तर सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी ती दिली. विरोधी मते मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची होती. उत्तरेच्या किनाऱ्यावर दक्षिण व्हिएतनामने आधी केलेले हल्ले सरकार दडवत आहे आणि युद्धाचा निर्णय संविधानाने काँग्रेसकडे सोपवला आहे, असे मॉर्स यांचे म्हणणे होते.

दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे कालांतराने उघड झाले. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मृत्युमुखी पडले. सरकारच्या शब्दावरचा जनतेचा विश्वासही ढासळला.

१९६८ मध्ये दोघांनीही सिनेटमधील जागा गमावली. १९७१ मध्ये तो ठराव रद्द झाला. राजकारणाला विटून मॉर्स मात्र घरी बसले नाहीत. त्याच जागेसाठी पुन्हा निवडणूक लढवत असतानाच २२ जुलै १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.