फरीदसाहेब सतारमेकर

फरीदसाहेब सतारमेकर हे एकोणिसाव्या शतकात मिरज (आजचा सांगली जिल्हा) येथे होऊन गेलेले तंतुवाद्य-कारागीर होते. मिरजेतील सतार व तंबोरा निर्मितीच्या परंपरेचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शस्त्रे घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजात त्यांचा जन्म झाला. वाद्यांच्या दुरुस्तीपासून आरंभ करून ते वाद्यनिर्मितीकडे वळले.

पार्श्वभूमी

मिरज हे पटवर्धन संस्थानिकांच्या राजधानीचे गाव होते. किल्ला आणि फौज यांमुळे तेथे शिकलगारांना काम मिळत असे. 1818 मध्ये पेशवाईचा शेवट झाला व संस्थाने इंग्रजांच्या अधिपत्याखाली आली. लढाया थांबल्या, फौजा घटल्या आणि त्याबरोबर तलवारी, भाले व ढाली यांची मागणीही ओसरली. पिढीजात कसब हाती असूनही त्याला गिऱ्हाईक उरले नाही, अशी या समाजाची स्थिती झाली.

याच काळात पटवर्धनांच्या आश्रयामुळे मिरजेत गायक-वादकांची वर्दळ वाढत होती. मात्र त्यांची वाद्ये प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानात तयार झालेली असत. प्रवासात भोपळा तडकला किंवा दांडी वाकली, तर ते वाद्य जवळपास दुरुस्त करून मिळण्याची सोय नव्हती.

कार्य

स्थानिक परंपरेनुसार, दरबारातील कलावंतांची नादुरुस्त वाद्ये फरीदसाहेबांकडे सोपविण्यात आली. धातूकामाने हाताला आलेली सफाई त्यांच्या उपयोगी पडली. वाद्य उघडून, त्याची रचना समजून घेऊन व ते पुन्हा जोडून ते हे नवे काम शिकले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी स्वतः वाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. त्यांचे बंधूही या कामात त्यांच्यासोबत होते.

आवश्यक सामग्री त्यांना परिसरातच मिळाली. पंढरपूर-मंगळवेढा भागात मोठ्या आकाराचे, जाड सालीचे कडू भोपळे पिकतात. ते पूर्ण वाळल्यावर कापून पाण्यात भिजवतात, आतील गर व बिया काढून टाकतात आणि तोंडाचा आकार बांबूच्या कामट्यांनी ताणून धरतात. दांडी व तबलीसाठी तून या झाडाचे मुरलेले लाकूड वापरतात. ते वजनाला हलके व नादाला अनुकूल असते. भाग सांधून झाल्यावर कोरीवकाम होते आणि चपडा लाखेची झिलई दिली जाते. शेवटी घोडीवर जवारी लावली जाते. घोडीच्या पृष्ठभागाला कानसेने अत्यंत सूक्ष्म उतार देणे म्हणजे जवारी लावणे. तंबोऱ्याचा भरदार, घुमणारा स्वर त्यावर अवलंबून असतो.

वाद्यांचा टिकाऊपणा

भोपळा आणि लाकूड ही दोन्ही सेंद्रिय द्रव्ये आहेत. दमट हवेत ती ओलावा शोषून फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. त्यामुळे सांधे सुटतात, तबलीला बाक येतो व स्वर ढळतो. भोपळ्याला कीड लागण्याचा धोका असतो आणि लहानशा धक्क्यानेही तो फुटू शकतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात व जवारी पुन्हा लावावी लागते. ज्या उणिवांमुळे फरीदसाहेबांकडे वाद्ये दुरुस्तीला आली, त्या या द्रव्यांच्या स्वभावातच आहेत.

या उणिवांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पर्याय शोधले गेले. अमेरिकेतील हवाई बेटांवर जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाने तेथील दमट हवेला दाद न देणारी कार्बन फायबरची गिटार विकसित केली. कार्बनचे तंतू राळेत बसवून बनविलेले हे द्रव्य ओलावा जवळजवळ शोषत नाही, त्यास कीड लागत नाही व तापमान बदलले तरी त्याचा आकार फारसा बदलत नाही. भारतातही प्रवासासाठी फायबर ग्लासचा भोपळा असलेले तंबोरे तयार होतात.

तथापि टिकाऊपणाचा विचार दुरुस्तीच्या सोयीसह करावा लागतो. कार्बन फायबरचे वाद्य सहसा बिघडत नाही. परंतु जोरदार आघाताने त्याला चीर गेल्यास दुरुस्तीसाठी वेगळी सामग्री व विशेष कौशल्य लागते. भोपळ्याचे वाद्य पुन्हा पुन्हा बिघडते, पण फुटलेला तुकडा चिकटवता येतो, संपूर्ण भोपळा बदलता येतो, दांडी सरळ करता येते व घोडी नवी बसविता येते. वाद्याचे सांधे सुटे करता येतील अशी त्याची रचनाच असते. यामुळे नीट निगा राखलेला तंबोरा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकतो. त्यासाठी दुरुस्ती जाणणारा कारागीर मात्र उपलब्ध असावा लागतो. मिरजेत असा कारागीरवर्ग निर्माण होण्याचा आरंभ फरीदसाहेबांपासून झाला.

प्रभाव व वारसा

वाद्यनिर्मितीची ही सोय मिरजेच्या सांगीतिक भरभराटीला पोषक ठरली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मिरजेत संगीताचे अध्यापन केले व विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण तेथेच झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनीही मिरजेत वास्तव्य केले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

फरीदसाहेबांच्या वंशजांनी व इतर शिकलगार कुटुंबांनी हा व्यवसाय पुढे चालविला. सतारमेकर हे व्यवसायदर्शक नाव त्यांचे आडनाव बनले आणि ज्या भागात त्यांचे कारखाने आहेत, तो भाग सतारमेकर गल्ली म्हणून ओळखला जाऊ लागला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा व पुढे मोबाइलवरील तंबोरा आल्यानंतर नव्या वाद्यांच्या मागणीवर परिणाम झाला, तसेच नव्या पिढीतील अनेक जण अन्य व्यवसायांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या वाद्यांच्या निर्मितीबरोबरच जुन्या वाद्यांची दुरुस्ती व जवारीचे काम मिरजेत आजही चालते.