चाकणचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा

कार्तिकीला आपण वलगावची मंडळी आळंदीस जातो, इंद्रायणीत स्नान करतो, माउलींच्या समाधीवर माथा टेकतो आणि वऱ्हाडची गाडी धरतो. आळंदीच्या उत्तरेला अगदी जवळ चाकण आहे. तिकडे मात्र फारसे कुणाचे पाय वळत नाहीत. तिथल्या भुईकोटाचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांचे हे थोडेसे चरित्र.

चाकणच्या कोटाला ना डोंगराचा आधार, ना कड्याचा. सपाट जमिनीवर तट, बुरूज अन् भोवती खंदक, एवढंच. पण जागा नाक्याची. जुन्नरकडची मोगलाई आणि पुणे प्रांत यांच्या वेशीवरच तो उभा. १६४७ च्या सुमारास फिरंगोजी शिवाजीमहाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी त्यांनाच तिथे ठेवले. माणूस पारखून घ्यावा आणि मग त्याच्यावर टाकून मोकळं व्हावं, ही महाराजांची रीत.

१६६० साली शाइस्ताखान पुण्यात उतरला आणि २१ जूनला चाकणला वेढा पडला. आज ज्या ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, तेच ते दिवस. आत माणसे जेमतेम साडेतीनशे, बाहेर हजारोंची फौज. मदत यायची कुठून? महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. आषाढी पौर्णिमेच्या रात्री ते पन्हाळ्यावरून निसटले, बाजीप्रभू खिंडीत पडले. चाकणपर्यंत पोचण्याची सवडच नव्हती. आतल्या लोकांना हे उमगले नसेल काय? तरी पन्नासावर दिवस त्यांनी भर पावसात कोट लढवला.

शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग नेला. १४ ऑगस्टला तो उडाला आणि बुरुजावरची माणसे त्यासरशी गेली. खिंडारातून फौज घुसली, तर आत मातीचा बांध घालून मराठे उभेच! रात्र तशीच काढली. दुसऱ्या दिवशी कोट पडला. भावसिंह हाडा मध्ये पडला, आणि फिरंगोजी उरलेली माणसे घेऊन बाहेर आले. मोगलांचे २६८ ठार अन् ६०० जखमी झाले होते. एवढ्याशा भुईकोटापायी!

खानाने त्यांची मर्दुमकी पाहून चाकरी देऊ केली. मनसब, पैसा, सगळं पुढे होतं. फिरंगोजींनी नाकारली आणि ते महाराजांकडे निघाले. विचार करा, हाती काय घेऊन जायचं होतं? किल्ला तर गेलेला. दुसरा एखादा धनी असता तर आधी हिशेब मागता.

महाराजांनी त्यांचा सन्मान केला. इनाम दिले, वाखाणणी केली आणि भूपाळगड त्यांच्या हवाली केला. मला यात शेवटची गोष्ट मोठी वाटते. पोशाख अन् कडी कुणीही देईल. ज्याच्या हातून एक किल्ला गेला त्याच्याच हाती दुसऱ्याच्या किल्ल्या देणे, तेही पुन्हा सरहद्दीवर, याला काळीज लागतं. भूपाळगड म्हणजे आताचा सांगली जिल्ह्यातला बाणूरगड. त्या काळी आदिलशाहीच्या तोंडावरचा.

त्या गडावरही पुढे कठीण प्रसंग आला. १६७९ साली दिलेरखान चालून आला, आणि त्या वेळी शंभूराजे त्याच्याच गोटात होते. तोफ डागायची ती कुणावर? गड गेला.

चाकणला आज चहूकडे कारखाने झाले आहेत. तटाचा काही भाग, बुरूज आणि खंदकाची खूण मात्र अजून दिसते.