मौलाना अबुल कलाम आझाद

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का येथे झाला. त्यांचे मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब कलकत्त्याला आले. ते कधी शाळेत गेले नाहीत. वडील मौलाना खैरुद्दीन विद्वान होते. त्यांनी मुलाच्या शिक्षणाची सोय घरीच केली. पुढे लेखनासाठी मोहिउद्दीन यांनी ‘आझाद’ हे नाव घेतले.

१९१२ साली त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. देशाच्या स्वातंत्र्यासाठी हिंदू-मुसलमानांनी एकत्र लढावे, असे ते लिहीत. इंग्रज सरकारने १९१४ मध्ये जामिनाची मोठी रक्कम मागितली आणि पत्र बंद पडले. मग त्यांना रांची येथे नजरकैदेत ठेवले. १९२३ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये हे पद पुन्हा त्यांच्याकडे आले.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे मौलानांना अटक झाली. नेहरू, पटेल आदी नेत्यांबरोबर त्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. तेथे त्यांच्या खोलीत चिमण्या घरटी बांधत. आधी त्यांनी चिमण्यांना हुसकावून पाहिले. मग तांदूळ टाकून त्यांच्याशी मैत्री केली. ही हकीकत त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आहे.

त्याच वेळी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम फार आजारी होत्या. मौलानांनी विनंती केली, तर ती सरकारकडे पोहोचवण्याची तयारी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने दाखवली. ज्या सरकारशी आपण लढतो, त्याच्याकडे काही मागायचे नाही, असे मौलानांनी ठरवले होते. एप्रिल १९४३ मध्ये बेगम वारल्या. शेवटची भेट झाली नाही. सुटकेनंतर कलकत्त्याला गेल्यावर ते त्यांच्या कबरीजवळ उभे राहिले.

मौलानांचा फाळणीला विरोध होता. पण १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तो दुभंगूनच. दिल्लीतील भयभीत मुसलमान घरे सोडून निघाले होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये जामा मशिदीत मौलानांनी त्यांना समजावले, की ही भूमी तुमचीच आहे, ती सोडून जाऊ नका.

ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी आणि खरगपूरची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. २००८ पासून ११ नोव्हेंबर हा राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या जामा मशिदीत त्यांनी लोकांना थांबवले होते, तिच्याजवळच त्यांची कबर आहे.