फिरोजशहा मेहता

सर फिरोजशहा मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५) हे मुंबईतील बॅरिस्टर, मवाळ पक्षाचे राजकीय नेते आणि मुंबई महानगरपालिकेच्या घटनेचे प्रमुख शिल्पकार होते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या १८९०च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. शहराची सत्ता लोकप्रतिनिधींच्या सभेकडे असावी, दैनंदिन अंमलबजावणी मात्र एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी आणि त्या अधिकाऱ्याने सभेस जाब द्यावा, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर मांडले. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात ते मोठ्या प्रमाणात उतरले. मुंबईकर त्यांना 'मुंबईचा सिंह' म्हणून ओळखत.

जन्म आणि शिक्षण

मेहता यांचा जन्म मुंबईतील एका व्यापारी पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १८६४ साली बी.ए. झाले आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांनी एम.ए.ची पदवी मिळवली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले व लिंकन्स इनमध्ये दाखल झाले. तेथे त्यांचा दादाभाई नौरोजी आणि उमेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी निकट परिचय झाला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले आणि त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली.

नगरपालिकेच्या सुधारणेचा प्रश्न

मेहता मुंबईस परतले तेव्हा शहराच्या कारभाराची घडी बसलेली नव्हती. १८५८च्या कायद्याने कारभार तीन आयुक्तांकडे दिला होता. परंतु जबाबदारी तिघांत विभागली गेल्याने कोणत्याच कामाचा निश्चित धनी राहिला नाही. म्हणून १८६५ साली सारी कार्यकारी सत्ता एका आयुक्ताकडे देण्यात आली. शहरातील जस्टिस ऑफ द पीस या मानद न्यायाधीशांच्या मंडळाने त्याच्यावर देखरेख ठेवावी, अशी अपेक्षा होती.

या पदावर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी होते. स्वच्छता, रस्ते आणि मंडया यांची कामे त्यांनी झपाट्याने केली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. मात्र खर्च आवाक्याबाहेर गेला, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांचा असंतोष उफाळून आला. आयुक्ताची सत्ता काढून ती जस्टिसांमधून निवडलेल्या नगरसमितीकडे द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली.

सव्वीस वर्षांच्या मेहतांनी या मागणीस विरोध केला. त्यांच्या मते दोष एका व्यक्तीकडे अधिकार असण्यात नव्हता. त्या व्यक्तीवर अंकुश ठेवणारी सभा लोकांनी निवडलेली नव्हती, हा खरा दोष होता. समितीने अंमलबजावणी हाती घेतल्यास प्रत्येक निर्णय अनेकांचा होईल आणि चुकीचा जाब कोणाकडेच मागता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी ही योजना सविस्तर मांडली. क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतल्यामुळे श्रोत्यांचा रोष त्यांना पत्करावा लागला. तथापि १८७२चा कायदा बऱ्याच अंशी त्यांच्या विचारांशी जुळणारा ठरला. त्यानुसार ६४ सदस्यांची सभा स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. हिशेबावर लक्ष ठेवण्यासाठी नगरसमिती नेमली गेली आणि कार्यकारी सत्ता आयुक्ताकडेच राहिली. मेहता लवकरच या सभेचे सदस्य झाले. १८८४, १८८५ आणि १९०५ या वर्षी त्यांनी सभेचे अध्यक्षपद भूषवले.

१८८८चा अधिनियम

१८८६ साली मेहता मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. पुढील वर्षी सरकारने नव्या महापालिका कायद्याचे विधेयक आणले. त्याच्या मूळ मसुद्यात सभेचे स्थान दुय्यम होण्याचा धोका होता. मेहता आणि न्यायमूर्तिपदी पुढे गेलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या विधेयकावर कसून काम केले. अखेर शहराचे शासन महापालिकेच्या सभेत निहित राहील, हे तत्त्व कायद्यात आले.

या अधिनियमाने ७२ सदस्यांची सभा, १२ सदस्यांची स्थायी समिती आणि आयुक्त अशी रचना केली. आयुक्ताची नेमणूक सरकारने करावयाची असली, तरी अंदाजपत्रक, कर आणि मोठे करार यांवर सभेचे व स्थायी समितीचे नियंत्रण राहिले. आयुक्ताविरुद्ध सभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास त्यास पदावरून दूर करण्याची तरतूदही होती.

लाखो वस्तीच्या शहरात मोडकळीस आलेले प्रत्येक घर, प्रत्येक खाणावळ वा ज्वालाग्राही मालाचे प्रत्येक गोदाम आयुक्ताने स्वतः पाहणे अशक्य होते. त्यामुळे कलम ६८ अन्वये आयुक्तास आपले ठरावीक अधिकार लेखी आदेशाने महापालिकेच्या अधिकाऱ्यांकडे सोपवता येतात. अधिकारी ते आयुक्ताच्या नियंत्रणाखाली आणि त्याने घातलेल्या अटींच्या अधीन राहून वापरतो. धोकादायक इमारतीची नोटीस, घातक धंद्याचा परवाना, अटी मोडल्यास तो परवाना रद्द करणे अशी कामे या पद्धतीने चालतात. लोकप्रतिनिधी धोरण ठरवतात व जाब विचारतात. परंतु एखाद्यास परवाना द्यावा की नाही, हे कायद्याने अधिकाऱ्याकडे ठेवलेले आहे. अग्निशमनाची जबाबदारीही याच अधिनियमाने महापालिकेवर आली.

अधिकारांसाठी संघर्ष

उत्तरदायित्वाविना सत्ता अधिकाऱ्यांकडे जाण्यास मेहतांचा विरोध कायम राहिला. १८९५ साली केंद्रीय विधिमंडळात त्यांनी पोलीस विधेयकावर कठोर टीका केली. दंगलीनंतर बसवलेल्या जादा पोलिसांचा खर्च विशिष्ट लोकांवर लादण्याचा अधिकार त्यातून जिल्हाधिकाऱ्यांना मिळणार होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढील वर्षी सरकारने महापालिकेस बाजूला सारून जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या १४ विश्वस्तांत महापालिकेने निवडलेले केवळ ४ होते. शहराची पुनर्रचना करणारी संस्था शहराच्या सभेस उत्तरदायी नसावी, हे मेहतांना मान्य नव्हते. हा ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

महापालिकेतील त्यांचे वर्चस्व काही युरोपीय अधिकाऱ्यांना खुपत होते. १९०७च्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी संघटित प्रयत्न झाला. जस्टिसांच्या मतदारसंघात १६ जागा असताना मेहता सतराव्या क्रमांकावर राहिले; मात्र निवडून आलेल्यांपैकी एक सदस्य अपात्र ठरल्याने त्यांना पुन्हा सभेत प्रवेश मिळाला. सभेत त्यांचाच शब्द चालतो, अशी टीका त्यांच्या स्वकीय विरोधकांकडूनही होत असे.

इतर कार्य आणि निधन

बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या स्थापनेत (१८८५) तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. १९०४ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९११ साली स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ साली 'बॉम्बे क्रॉनिकल' हे दैनिक त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महापालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

वारसा

मुंबईबाहेरील शहरांसाठी १९४९ साली झालेला महानगरपालिका अधिनियम याच आराखड्यावर बेतलेला आहे. ठाणे महानगरपालिका (१९८२) आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका (१९८३) त्याखालीच चालतात. कोपर किंवा डोंबिवलीतील जीर्ण इमारतीवर लागणारी कलम २६४ची नोटीस, किंवा कलम ३७६ खालील धंद्याचा परवाना, यांवर बहुधा प्रभागातील वा विभागातील अधिकाऱ्याची सही असते. तो अधिकार मूळचा आयुक्ताचा असून कलम ६९ अन्वये खाली सोपवलेला असतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ फाटा परिसरात अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात बांधकाम व्यावसायिकांसोबत महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. सोपवलेल्या अधिकाराचा जाब कोणी द्यावयाचा, हा मेहतांनी १८७१ साली उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे आजही महानगरपालिकांच्या कारभाराच्या केंद्रस्थानी आहे.