पाच सामन्यांचा युवराज

राजाच्या वारसाला इंग्रजीत क्राउन प्रिन्स म्हणतात. त्यातले एक अक्षर बदलले की तो क्लाउन प्रिन्स होतो, म्हणजे विदूषकांचा युवराज. इंग्लंडमधील फुटबॉलशौकिनांनी ही पदवी लेन शॅकल्टन याला बहाल केली आणि त्यानेही ती मोठ्या आनंदाने मिरवली. चेंडूवर त्याच्याइतकी हुकमत असणारे खेळाडू त्या देशात फारच थोडे झाले. तरीही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून त्याच्या वाट्याला अवघे पाच अधिकृत सामने आले. ही उपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी होती, की त्याच्या स्वभावाचे ते अटळ फळ होते, हा वाद त्याच्या हयातीत मिटला नाही आणि त्याच्या मृत्यूनंतरही मिटलेला नाही.

लिओनार्ड फ्रान्सिस शॅकल्टन याचा जन्म ३ मे १९२२ रोजी यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात झाला. शरीरयष्टी लहानखुरी, पण पायात जादू. १९३६ मध्ये इंग्लंडच्या शालेय संघात त्याची निवड झाली आणि १९३८ मध्ये त्या काळच्या सर्वांत दिमाखदार क्लबने, लंडनच्या आर्सेनलने, त्याला मैदान कर्मचारी म्हणून बोलावून घेतले. होतकरू पोरांनी मैदानाची निगा राखायची, पडेल ते काम करायचे आणि त्यातून खेळाडू म्हणून घडायचे, अशी ती पद्धत होती. हे स्वप्न वर्षभरातच भंगले. आर्सेनलचे व्यवस्थापक जॉर्ज ॲलिसन यांनी त्याला घरी परत धाडले. व्यावसायिक फुटबॉलसाठी हा मुलगा फार किरकोळ आहे, असा निष्कर्ष निघाला होता. काही दिवस कागदाच्या गिरणीत काम करून हा सतरा वर्षांचा मुलगा ब्रॅडफर्डला परतला. जाणकार म्हणवणाऱ्यांच्या निवाड्याबद्दल त्याच्या मनात आयुष्यभर जी अढी राहिली, तिचे मूळ कदाचित येथेच असावे.

तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. युद्धकाळात इंग्लंडमधील नियमित लीग बंद होती आणि तिच्या जागी प्रादेशिक स्पर्धा होत असत. शॅकल्टन ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू या गावच्या संघाकडून खेळू लागला. युद्धाच्या अखेरच्या काळात अनेक तरुणांप्रमाणे त्यालाही कोळशाच्या खाणीत काम करावे लागले. आठवडाभर जमिनीच्या पोटात आणि शनिवारी दुपारी मैदानावर, असा त्याचा क्रम होता. या वर्षांत त्याने दीडशेहून अधिक गोल केले. पण युद्धकाळातील सामने अधिकृत हिशेबात धरले जात नाहीत. त्यामुळे त्याच्या उमेदीची सहा वर्षे आकडेवारीतून जवळपास पुसली गेली.

ऑक्टोबर १९४६ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील न्यूकॅसल युनायटेडने १३ हजार पौंड मोजून त्याला विकत घेतले. ५ ऑक्टोबर रोजी न्यूपोर्ट कौंटीविरुद्ध त्याचे पदार्पण झाले. सुरुवातीलाच न्यूकॅसलने पेनल्टी वाया घालवली. त्यानंतर मात्र गोलांचा पाऊस पडला. न्यूकॅसलने तो सामना १३-० असा जिंकला आणि त्यातले सहा गोल एकट्या शॅकल्टनचे होते. इंग्लिश लीगच्या इतिहासात याहून मोठ्या फरकाचा विजय आजवर नोंदला गेलेला नाही.

एवढ्या धडाकेबाज आरंभानंतर हा संसार सुखाचा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. घराच्या प्रश्नावरून त्याचे संचालकांशी खटके उडाले. १९४७ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य फेरीत न्यूकॅसलचा चार्लटनकडून ०-४ असा दारुण पराभव झाला आणि कटुता वाढत गेली. अखेर फेब्रुवारी १९४८ मध्ये क्लबने त्याला विक्रीला काढले. शेजारच्या आणि हाडवैरी असलेल्या सुंदरलँडने त्याच्यासाठी २० हजार ५० पौंड दिले. काही महिन्यांपूर्वीच टॉमी लॉटनसाठी नॉट्स कौंटीने २० हजार पौंड मोजले होते. तो ब्रिटिश विक्रम अवघ्या ५० पौंडांनी मोडला गेला.

या रकमेतील एक पैही खेळाडूला मिळत नसे, हे येथे सांगायला हवे. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. १९४७ मध्ये ती आठवड्याला १२ पौंड होती. नाव कितीही मोठे असो, त्याहून अधिक देण्यास क्लबांना मनाई होती. शिवाय करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच मुठीत राहत असे. क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. हजारो प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकिटे काढत, तो खेळाडू प्रत्यक्षात एखाद्या वेठबिगारासारखा बांधलेला असे. शॅकल्टनला या व्यवस्थेची विलक्षण चीड होती आणि ती तो लपवत नसे.

सुंदरलँडच्या रोकर पार्कवर तो जवळपास दहा वर्षे खेळला. लीगमध्ये ३२० सामने आणि ९८ गोल ही त्याची तेथील कामगिरी. मात्र लोक गोल मोजायला येत नसत, त्याची करामत पाहायला येत. चेंडूला उलटी फिरकी देऊन तो पुढे ढकलत असे. बचावपटू धावत जाई आणि चेंडू मात्र आज्ञाधारक पाळीव प्राण्यासारखा शॅकल्टनकडे परत येई. कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीवर चेंडू आपटवून तो तिच्याशीच पासची देवाणघेवाण करी. आर्सेनलविरुद्ध आघाडीवर असताना चेंडूवर पाय ठेवून त्याने केस विंचरल्याचा आणि घड्याळ पाहिल्याचा अभिनय केला, हा किस्सा आजही सांगितला जातो. ज्या क्लबने त्याला किरकोळ ठरवून घरी पाठवले होते, त्याच क्लबसमोर केलेला हा अभिनय निव्वळ विनोद नव्हता.

तो इनसाइड फॉरवर्डच्या जागी खेळे. मधल्या फळीकडून चेंडू घ्यायचा आणि आघाडीच्या खेळाडूंना गोलची संधी निर्माण करून द्यायची, हे त्याचे मुख्य काम. त्याचे पास अचूक असत, पण ते ओळखायला समोरच्याकडेही तेवढीच चलाखी लागे. १९५० मध्ये सुंदरलँडने ३० हजार पौंडांना वेल्सचा आक्रमक सेंटर फॉरवर्ड ट्रेव्हर फोर्ड याला आणले. कागदावर ही जोडी अजिंक्य वाटत होती. प्रत्यक्षात दोघांचे कधीच जमले नाही. शॅकल्टन मुद्दाम फिरकी देऊन पास पाठवतो आणि आपले हसे करतो, अशी फोर्डची तक्रार होती. एका मैत्रीपूर्ण सामन्यात शॅकल्टनने गोलरक्षकालाही चकवले, मोकळ्या गोलसमोर चेंडू थांबवला आणि तो फोर्डकडे सरकवून गोल करायची संधी त्याला दान केली, अशी कथा सांगतात. मदत आणि अपमान एकाच पासमध्ये करण्याची ही कला फक्त त्यालाच साधली असती.

सुंदरलँडला त्या काळी बँक ऑफ इंग्लंड म्हटले जाई, इतका पैसा त्या क्लबने खेळाडूंवर ओतला. यश मात्र दर वेळी हुलकावणी देत गेले. १९४९-५० च्या मोसमात हा संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. पण तळाशी असलेल्या मँचेस्टर सिटीने त्यांना घरच्या मैदानावर हरवले आणि अवघ्या एका गुणाने लीग हातची गेली. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे एफए चषकाच्या उपांत्य फेरीत पराभव पत्करावा लागला. ज्या न्यूकॅसलने शॅकल्टनला विकले, त्या न्यूकॅसलने याच काळात १९५१, १९५२ आणि १९५५ असा तीनदा हा चषक उंचावला. शॅकल्टनच्या कपाटात एकही मोठा करंडक आला नाही.

त्याच्या टीकाकारांच्या हाती यामुळे आयते कोलीत मिळाले. २९ जानेवारी १९४९ रोजी तर त्यांना पुरावाच सापडला. एफए चषकाच्या चौथ्या फेरीत सुंदरलँडची गाठ येओव्हिल टाउन या लीगबाहेरच्या छोट्या क्लबशी पडली. उतरते मैदान आणि अर्धवेळ खेळाडूंचा संघ. सामना १-१ असा बरोबरीत राहून जादा वेळेत गेला. तेव्हा शॅकल्टनने डोक्यावरून उलटी किक मारण्याचा प्रयत्न केला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला आणि त्यातूनच येओव्हिलचा विजयी गोल झाला. इंग्लिश चषक स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या धक्कादायक निकालांमध्ये आजही या सामन्याची गणना होते. एखादा साधासुधा खेळाडू असता, तर त्याने तो चेंडू सरळ दूर भिरकावून दिला असता. पण साधेसुधे काही करणे शॅकल्टनच्या स्वभावातच नव्हते.

आता राष्ट्रीय संघाकडे वळू. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ पासून इंग्लंडचे व्यवस्थापक होते, पण संघ निवडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो फुटबॉल असोसिएशनच्या निवड समितीकडे होता आणि त्या समितीत क्लबांच्या संचालकांचा भरणा असे. म्हणजे ज्या वर्गाची शॅकल्टन उघडपणे टिंगल करी, त्याच वर्गाच्या हातात त्याचे भवितव्य होते. सप्टेंबर १९४८ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध त्याचे पदार्पण झाले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यानंतर नोव्हेंबर १९४८ आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये वेल्सविरुद्ध तो खेळला. यातला दुसरा सामना विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा होता आणि इंग्लंडने तो ४-१ असा जिंकला. तरीही १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेलेल्या संघात शॅकल्टन नव्हता. त्याच स्पर्धेत अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवून जगाला चकित केले.

पुढची पाच वर्षे निवड समितीला त्याची आठवण झाली नाही. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये ७-१ असे धुऊन काढले. चेंडूवरील हुकमत, अनपेक्षित चाली, जागा बदलत खेळणे या हंगेरियन गुणांचे कौतुक सगळे इंग्लंड करू लागले. यातले कितीतरी गुण अंगी असलेला खेळाडू रोकर पार्कवर दर पंधरवड्याला दिसत होता. १९५४ च्या विश्वचषकालाही त्याला नेले गेले नाही.

अखेर नोव्हेंबर १९५४ मध्ये वेल्सविरुद्ध त्याला पुन्हा बोलावणे आले आणि १ डिसेंबर १९५४ रोजी वेम्बलीवर तो पश्चिम जर्मनीविरुद्ध उतरला. पाहुणे त्या वर्षीचे विश्वविजेते होते, जरी विजेत्या संघातले मोजकेच खेळाडू त्या दिवशी मैदानात होते. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक. आघाडीच्या फळीत स्टॅन्ली मॅथ्यूज आणि टॉम फिनी यांच्यासोबत बत्तीस वर्षांचा शॅकल्टन. इंग्लंडने सामना ३-१ असा जिंकला. तिसरा गोल शॅकल्टनचा होता. पुढे सरसावलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्याने चेंडू अलगद उचलून जाळ्यात सोडला. देशासाठी त्याने केलेला हा एकमेव गोल. त्यानंतर त्याला इंग्लंडसाठी कधीही निवडण्यात आले नाही. वेम्बली हे फुटबॉलचे मैदान आहे, नाट्यगृह नव्हे, अशा आशयाचे कारण निवड समितीतील एकाने दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या समितीची मनोवृत्ती तिच्यातून नेमकी कळते.

शॅकल्टनने या साऱ्याचे उत्तर १९५५ मध्ये दिले. ‘क्लाउन प्रिन्स ऑफ सॉकर’ या आत्मचरित्रातील एका प्रकरणाला त्याने सर्वसाधारण संचालकाचे फुटबॉलविषयीचे ज्ञान अशा अर्थाचे शीर्षक दिले आणि त्याखालचे पान कोरे ठेवले. क्रीडासाहित्यात इतके बोलके कोरे पान दुसरे नसेल. हसून सोडून द्यावा असा हा विनोद नव्हता. त्याच पुस्तकात वेतनमर्यादेवर आणि खेळाडूंच्या गुलामीवर त्याने कठोर टीका केली. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, मर्यादेपेक्षा अधिक पैसे खेळाडूंना गुपचूप दिल्याबद्दल सुंदरलँडच्याच संचालकांवर कारवाई झाली आणि या व्यवस्थेतला दांभिकपणा चव्हाट्यावर आला. १९६१ मध्ये वेतनाची कमाल मर्यादा रद्द झाली. शॅकल्टनला मात्र तिचा लाभ झाला नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची कारकीर्द संपली होती. ज्या आर्सेनलने त्याला नाकारले होते, त्याच संघाविरुद्ध तो आपला शेवटचा सामना खेळला. तो मोसम संपताना सुंदरलँडची इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत घसरण झाली.

निवृत्तीनंतर त्याने लेखणी हाती घेतली आणि वृत्तपत्रांत फुटबॉलवर लिहिले. नॉर्थम्बरलँडकडून तो मायनर कौंटी क्रिकेटही खेळला होता. माणसांची पारख त्याला उत्तम होती. दुखापतीमुळे खेळ थांबलेल्या ब्रायन क्लफ या तरुणाची १९६५ मध्ये हार्टलपूल्स युनायटेडकडे आणि १९६७ मध्ये डर्बी कौंटीकडे शिफारस करण्यात त्याचा मोठा वाटा होता. क्लफने पुढे १९७२ मध्ये डर्बीला लीगविजेते केले आणि इंग्लंडमधील श्रेष्ठ व्यवस्थापकांत स्थान मिळवले. गंमत अशी की, संचालकांना फुटबॉल कळत नाही असे म्हणणाऱ्या शॅकल्टनचा सल्ला या वेळी संचालकांनीच ऐकला होता.

आयुष्याची अखेरची वर्षे त्याने वायव्य इंग्लंडमधील ग्रेंज-ओव्हर-सँड्स या किनारी गावात घालवली. नोव्हेंबर २००० च्या अखेरीस, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

निवड समितीचे सगळेच चुकले, असे म्हणता येणार नाही. शॅकल्टनचा खेळ जिंकण्याची हमी देत नव्हता आणि त्याच्या फिरकीने कधीकधी सहकारीही चकत होते. त्याच्या जागेसाठी रेच कार्टर, विल्फ मॅनियन यांच्यासारखे मातब्बर खेळाडू स्पर्धेत होते, हेही विसरून चालणार नाही. पण त्याच्याशिवाय खेळूनही इंग्लंडने त्या दशकात फार मोठे काही मिळवले नाही. बेभरवशाच्या प्रतिभेला दूर ठेवून भरवशाचे पराभव पत्करावेत, हा त्या समितीचा हिशेब होता. १९६३ मध्ये अल्फ रॅम्से यांनी संघनिवडीचे सर्वाधिकार स्वतःकडे घेतले, समितीचा कारभार संपला आणि तीन वर्षांनी इंग्लंड जगज्जेता झाला. ज्या पद्धतीने शॅकल्टनला पाच सामन्यांत गुंडाळले, ती पद्धत अखेर इतिहासजमा झाली. त्याचे कोरे पान मात्र इंग्लंडमध्ये आजही आवडीने वाचले जाते.