आधी ऐकणारे, मग बोलणारे टिळक

मी भोरची. पण बचत गटाच्या बैठकीसाठी माझं वेल्ह्याकडच्या एका गावात जाणं असायचं. सुरुवातीला वीस जणी यायच्या, नंतर सातच उरल्या. अध्यक्षबाई मनाने चांगल्या, पण बोलायच्या परिपत्रकासारखं. बायका माना डोलवायच्या आणि पुढच्या वेळी घरीच राहायच्या. अशा वेळी मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले.

टिळक जन्मले १८६१ मध्ये, कोकणातल्या करजगावात, ब्राह्मणाच्या घरात. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. बाईंनी आपलं सोवळं सांभाळलं, विचार केला आणि १९०० मध्ये आपणहून बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळक अमेरिकन मराठी मिशनचं काम करत. चर्चमध्ये तेव्हा परदेशी चालीवरची भाषांतरित गीतं बरीच असत. खेड्यातल्या माणसाच्या कानात मात्र जात्यावरची ओवी आणि वारीतला अभंग! टिळकांनी नेमकं तेच धरलं. त्यांनी भजनं, अभंग लिहिले, कीर्तनं केली. नुसती ऐकणारी मंडळी मग गाऊ लागली. जे आपण स्वतः गातो ते आपलं वाटतं, आणि आपलं वाटलं की पाय आपोआप तिकडे वळतात. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.

१९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईने! जिला ओढून नेलं नाही, तीच शेवटपर्यंत सोबत राहिली.

हे सगळं मी अध्यक्षबाईंना सांगितलं. पुढच्या बैठकीत त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी प्रत्येकीला भातलावणीचं विचारलं. बोलता बोलता थकलेल्या हप्त्याचं खरं कारणही निघालं. त्यानंतरच्या बैठकीला अकरा जणी आल्या. वीस नाही झाल्या अजून, पण येतात त्या आता बोलतात.